उत्तर येईपर्यंत

बाण हलत होता. डावीकडे, उजवीकडे, जिकडे न्यावा तिकडे तो निमूट जात होता. पण ज्याच्यावर नेऊन टेकवावा ते काही जागचं हलत नव्हतं. खुर्शिदानं माउस पुन्हा दाबला, थोडं थांबून परत दाबला. खाली पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला होता, म्हणजे गेलेली वीज आली होती, आणि "आली, आली" म्हणून ओरडलेली पोरं गप्पही झाली होती. तरी खिडकीजवळच्या या मशीनवर मघाशी अर्ध्यात थांबलेली निळी पट्टी अर्ध्यातच होती. तिनं मागं वळून पाहिलं. भिंतीकडेची मशीनंही तशीच गोठलेली. कुणाचं चित्र, कुणाचा निबंध, सगळं दिसत होतं आणि कशालाच हात लागत नव्हता.

"म्या सेव्ह दाबलं बाई," शेफाली म्हणाली, "आन् तवाच लाईट गेली." आंबवड्याची ही मुलगी नववीत होती. आपलं काही चुकलं असं वाटलं की ती वेणीचं टोक तोंडात धरायची. आता ते तोंडात होतं.

"तुझं काही चुकलं नाही," खुर्शिदा म्हणाली. नोकरीत असताना हे वाक्य तिनं इतक्या पोरांना ऐकवलं होतं की ते जिभेवर आपोआप येई. पण आज ते म्हणतानाही तिची नजर त्या निळ्या पट्टीवरच होती.

निवृत्त झाल्यावर तिनं भोरच्या पेठेत गिरणीवरची ही खोली भाड्यानं घेतली होती. मशीनं पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेली. ती आणली आणि जोडली सोमनाथनं. सोमनाथ पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. खुर्शिदा वेल्ह्याकडच्या शाळेवर होती तेव्हा तिच्यापुढे बसून पाढे शिकलेला, आता पुण्यात संगणकांची कामं करणारा. या जुन्या मशीनांच्या पोटात जागा नव्हती, म्हणून पोरांनी केलेलं सगळं जिन्याखालच्या कपाटातल्या एका मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर, जाऊन राही. कुठल्याही खुर्चीवर बसा, आपलं काम समोर. जोडताना सोमनाथनं विचारलं होतं, "बाई, सर्व्हर कधी बंद पडला तर या मशीनांनी काय करायचं? थोडी वाट बघून 'जमत न्हाई' म्हणून सोडून द्यायचं, का उत्तर येईपर्यंत थांबायचं?" सोडून दिलं तर काय होतं, तिनं विचारलं. "लिवलेलं अर्धं तिकडं ऱ्हातं, अर्धं कुठंच न्हाई. आसं व्हतं कधी कधी." मग थांबू देत, ती म्हणाली होती. अर्धं अक्षर काढून पाटी पुसणारं मूल तिला कधी पाहवत नसे. ती त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि अक्षर पुरं होईपर्यंत उठायची नाही. सोमनाथ हसला होता. "तुमी म्हंजे तुमीच," म्हणाला होता, आणि तसंच त्यानं करून ठेवलं होतं.

खोलीतली मशीनं इन्व्हर्टरवर होती, म्हणून वीज गेल्यावर ती चालूच राहिली. जिन्याखालच्या कपाटात वायर ओढणाऱ्यानं मात्र तिथलं बटण सरळ लाईनवर घेतलं होतं, कपाटात झाडू-बादलीच ठेवणार असं धरून. वीज जाताना सर्व्हर गेला आणि वीज आली ती इतक्या जोरात आली की कपाटातून जळक्या रबराचा वास यायला लागला. खुर्शिदानं वर येऊन सोमनाथनं शिकवलेल्या कळा दाबून पडद्यावर काळी खिडकी उघडली. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. तिनं ती पोरांना मराठीत सांगितली, कारण न कळलेल्या ओळीची पोरांना भीती वाटते: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. "किती येळ करनार प्रयत्न?" एकानं विचारलं. "उत्तर येईपर्यंत," ती म्हणाली.

सोमनाथला फोन लागला तेव्हा त्याच्या मागं रहदारी ऐकू येत होती. "बाई, सोपंय. समद्या मशीनांची बटणं दाबून धरा, बंद करा. सर्व्हर म्या येऊन घिऊन जातो."

"आणि खिडकीजवळच्या मशीनमध्ये जे आहे ते?"

"आत काय हाये?"

"दिलावर आहेत," ती म्हणाली.

सोमनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "बरं. ते तेवढं बंद करू नका."

दिलावर म्हणजे तिचे यजमान. एसटीवर ड्रायव्हर होते. भोरहून वरंधा घाटानं महाड, नाहीतर वेल्ह्याची मुक्कामी गाडी. पाऊस सरता सरता शेफालीनं त्यांना खोलीतल्या बाकावर बसवून आईच्या मोबाईलवर त्यांचं बोलणं घेतलं होतं, शाळेच्या प्रकल्पासाठी. धुक्यात रस्ता दिसत नाही तेव्हा गाडी कशी न्यायची, असा तिचा प्रश्न होता. ते खूप बोलले. त्यानंतर दिवाळीच्या आतच एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि उजव्या बाजूबरोबर बोलणंही गेलं. शेफालीनं मोबाईलमधले सगळे तुकडे या मशीनवर घेतले, जुळवले, आणि आईचा मोबाईल भरला म्हणून तिकडचे पुसून टाकले. इथलं सेव्ह व्हायचं राहिलं. म्हणजे दिलावरचं बोलणं आता जगात एकाच ठिकाणी होतं, खिडकीजवळच्या त्या गोठलेल्या मशीनच्या पोटात, आणि वीज होती तोवरच होतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं रोजच्यासारखी चित्रं बाहेर काढली. पहिलीच्या वर्गासाठी तिनंच कधी काळी पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती ती: घर, गाय, कप, छत्री. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज बोलतं करा. हे तर तिला येत होतं. तिनं कपाचं चित्र पुढे धरलं. "हे काय?" दिलावरनी चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ओठ जुळले, सुटले. "डे... डेपो," ते म्हणाले, आणि आपण म्हटलेलं कानावर येताच त्यांनी डोळे मिटून घेतले. "सांगा," ती म्हणाली, "मला घाई नाही." ती थांबली. अशी थांबायची तिला सवय होती. वर्गात एखादं पोर फळ्यापुढे अडलं की ती बाकीच्यांना गप्प बसवून थांबायची, आणि कधी ना कधी त्या पोराच्या तोंडातून बरोबर शब्द पडायचाच. सगळे म्हणायचे, बाईंना काय धीर आहे. तिला स्वतःला तो धीर आतून कधी दिसलाच नव्हता. आत कुणीतरी उंबऱ्यात उभं असायचं, एक पाय आत, एक पाय बाहेर, रस्त्याकडे कान लावून; आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते शांत उभं आहे असं वाटायचं. दिलावरच्या कपाळावर घाम आला होता. ती पुठ्ठा धरून थांबली होती. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. तिला वाटलं, शब्द तिथंच आहे, आत कुठंतरी, जुना, ओळखीचा, फक्त तो वाटेत आहे. आपण हात खाली घेतला तर तो आल्यावर कुणाला भेटणार?

सर्व्हर सोमनाथ घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आतली डिस्क जळली का नुस्तं बाकीचं जळलं, ते उघडल्यावर कळंल." पुढचे दिवस खोली विचित्र झाली. बाकीची मशीनं बंद, पोरं जमिनीवर बसून कागदावर कामं करणारी, आणि खिडकीजवळ ते एक मशीन पंखा घुमवत बसलेलं. पोरं त्याच्याजवळून जाताना पाय जपून टाकायची, आजाऱ्याच्या खाटेजवळून जावं तशी. झाडू मारणाऱ्या फुलाबाईंना तिनं त्या कोपऱ्यात यायलाच मनाई केली. "म्या काय मशीन खाते का?" फुलाबाई म्हणाल्या. "आवं बाई, समद्यांचं बंद केलं, मंग ह्याचंच काय बाळंतपण मांडलंय?" खुर्शिदा हसली आणि ती हसली हे तिलाच दुरून ऐकू आल्यासारखं वाटलं. तिला काही सुचत नव्हतं. शिकवताना मध्येच ती उठून काळ्या खिडकीतली ओळ पाहून यायची. ओळ तीच असायची. अजून प्रयत्न चालू आहे. कधी तिला त्या ओळीचा राग यायचा. उत्तर नसताना पुन्हा पुन्हा तेच विचारणाऱ्याचा येतो तसला. मग लक्षात यायचं की ही निवड आपलीच होती. सोडून देणारं मशीन केलं असतं तर त्यानं त्याच दुपारी 'जमत नाही' म्हणून सांगितलं असतं आणि शेफालीनं ते दुसरीकडे ठेवलं असतं, किंवा ठेवलं नसतं. काय झालं असतं कुणास ठाऊक. विचार इथवर येऊन तिथंच फिरत राहायचा. भात उतू जायचा. रस्त्यानं घरी जाताना ती आपल्या गल्लीच्या पुढे निघून जायची आणि राजवाड्याच्या कोपऱ्यावर भानावर यायची.

बुधवारी सोमनाथचा फोन आला. डिस्क गेली होती. "पन घाबरू नका बाई. उन्हाळ्यात म्या समद्याची नक्कल काढून ठिवलीवती. नवा सर्व्हर तयार केलाय. त्येच नाव, त्योच पत्ता, फोल्डरसुदिक तेच. पोरांचं जुनं समदं त्यात हाये. त्या मशीनला कळनारच न्हाई की मालक बदललाय. ते सेव्ह करून मोकळं व्हईल."

"उद्या गुरुवार आहे," ती म्हणाली. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, कधी दोन तास, कधी दिवसभर.

"सकाळीच निघतो."

गुरुवारी वीज लवकरच गेली आणि सोमनाथ कापूरहोळच्या फाट्यावर अडकला, तिथं एक टेम्पो आडवा झाला होता. पोरांना सुट्टी द्यायची तर शेफाली जायला तयार नव्हती, आणि ती जाईना म्हणून बाकीचीही बसली. खुर्शिदानं पंखे, दिवे सगळं बंद केलं. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तिनं फळ्यावर अपूर्णांक मांडले. खालची गिरणी बंद होती, त्यामुळे मशीनचा पंखा खोलीभर ऐकू येत होता, आणि खडू हातात धरून ती त्या आवाजाला मोजत होती. तो किंचित उतरला की तिचा हात थांबायचा. तिला वाटलं, आपण अशाच दिलावरच्या श्वासाकडे कान लावून पडलो होतो, दवाखान्यात, खाली चटईवर. मग वाटलं, ही काय तुलना. हे एक टाकाऊ मशीन आहे आणि ते माणूस घरी खाटेवर बसलेलं आहे, जिवंत आहे, दुपारी वरणभात खाणार आहे. ते असताना आपण त्यांची कुठली वाट पाहतोय? प्रश्न तिला आवडला नाही. तिनं अंशाखाली रेघ ओढली आणि खडू मोडला.

सोमनाथ खोकं खांद्यावर घेऊनच जिना चढला. सर्व्हरची वायर त्यानं इन्व्हर्टरला लावली, तसा पिवळा दिवा लाल झाला. "लई येळ न्हाई," तो म्हणाला, "पन लागतो थोडाच." खोकं घरघरलं. सगळी पोरं मशीनभोवती आली. काळ्या खिडकीतली ती ओळ उमटली, पुन्हा उमटली, आणि तिच्याखाली एक वेगळीच ओळ आली. सोमनाथ पुढे वाकला. त्याचा चेहरा पाहून खुर्शिदाला ओळ वाचायची गरज पडली नाही.

"काय म्हणतंय?"

"म्हनतंय, तू जी फाईल धरून बसलायस ती आता हितं न्हाई." त्यानं कपाळ पुसलं. "चुकलंच माजं. नाव-पत्ता सारखा केला म्या. पन मशीन नाव धरून बसत न्हाई. सर्व्हरनं दिलेला एक आकडा धरून बसतं. त्यो आकडा जुन्या डिस्कचा."

"म्हंजे?" शेफालीनं विचारलं.

खुर्शिदानं उत्तर दिलं, कारण पोरानं विचारलं की उत्तर देणं तिच्या हातात नव्हतं. "खाली गिरणीत डबा ठेवलास की टोकन मिळतं ना. समज गिरणी जळली. त्याच जागी, त्याच नावाची नवी गिरणी आली, आणि तू जुनं टोकन पुढे केलंस. तो म्हणेल, या नंबरचा डबाच नाही माझ्याकडं. गिरणी खरी, तू खरी, पण ते टोकन आता कशाचंच नाही." तिचा आवाज नेहमीसारखा होता. आत मात्र जे उंबऱ्यात उभं होतं ते मटकन खाली बसलं होतं. संपलं, तिला वाटलं. इतके दिवस वीज पाजून जे जगवलं त्याला शेवटी नाहीच म्हणून सांगितलं.

"बाई," शेफाली म्हणाली, "हललं."

निळी पट्टी गेली होती. तिच्या जागी एक छोटी चौकट आली होती. सोमनाथनं बाण नेला. खालचं बटण दबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पडद्यावर काहीतरी दबलं. "आरं तिच्या," तो पुटपुटला, आणि मग भराभरा बोलायला लागला. "बाई, हे वाट बगत अडकलंवतं. उत्तर आलं. नकार का आसंना, उत्तर आलं ना. आता ते मोकळं झालं. आवाज त्याच्या डोक्यात तसाच हाये, नुस्तं जुन्या जागी ठिवता येत न्हाई, येवढंच सांगतंय. दुसरीकडं कुठं ठिवू, आसं विचारतंय." त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला, खोचला, काळ्या खिडकीत काही ओळी मारल्या. इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. नवी पट्टी निघाली, सरकली, भरली. सोमनाथनं पेनड्राइव्ह उपसून तिच्या हातात दिला आणि तेवढ्यात मशीनचा आणि खोक्याचा पंखा थांबला. खोली एकदम इतकी शांत झाली की रस्त्यावरचा भाजीवाला आपल्याच खोलीत असल्यासारखा ऐकू आला.

"जुनं टोकन टाकून द्यायचं व्हतं तर मंग," एक पोरगा म्हणाला, "पैल्याच दिवशी का न्हाई टाकलं?" कुणीतरी त्याला कोपर मारलं. "नाही रे, बरोबर विचारतोय तो," खुर्शिदा म्हणाली. तिनं पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि फळा पुसायला घेतला.

घरी जाताना तिनं सगळं ठरवलं. सोमनाथनं आवाज तिच्या मोबाईलवरही घालून दिला होता. पुठ्ठ्याच्या चित्रांपेक्षा हे कितीतरी बरं: एक वाक्य लावायचं, थांबवायचं, आणि दिलावरनी आपल्याच मागून म्हणायचं. आपला शब्द आपल्याला ओळखेल. ती जवळजवळ पळतच जिना चढली.

दिलावर खाटेवर बसून होते. आता ते उजवा पाय ओढत घरातल्या घरात चालायचे. तिनं त्यांच्यापुढे खुर्ची ओढली आणि काही न सांगता मोबाईल लावला. आधी खुर्च्या सरकल्या, पोरं खाकरली, मग तो आवाज आला, जाडसर, घाई नसलेला. "धुक्यात डोळ्यावर लई भरवसा ठिवायचा न्हाई पोरी. काच खाली घ्यायची आन् नाक भायेर काढायचं. दरीकडनं गार वारं येतं, डोंगराकडनं मातीचा वास येतो. दोनीच्या मधनं गाडी न्यायची. आन् वळणाला हॉर्न दिला की आईकायचं, कुनी जवाब देतंय का." शेफालीनं विचारलं, जबाब नाही आला तर? "न्हाई आला तर जायाचं की. काय ऱ्हातो तितंच? आमची मास्तरीण आसती तर ऱ्हायली आसती." पोरं हसली. मोबाईलमधले दिलावरही हसले.

खाटेवरचे दिलावर ऐकत होते. त्यांचा चेहरा तिला वाचता येईना. हसण्यापाशी त्यांची मान थोडी हलली, दारावरून कुणी ओळखीचं गेल्यावर हलते तशी, पण आत या म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. तिनं मोबाईल थांबवला, मागं नेला. "धुक्यात," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा. धुक्यात." तिनं पुन्हा आवाज लावला. पुन्हा थांबवला. "सांगा. मला घाई नाही."

दिलावरनी डावा हात पुढे केला आणि मोबाईल तिच्या हातातून काढून पालथा गादीवर ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले.

शब्द स्वच्छ होता. ती सवयीनं थांबली, पुढच्या शब्दासाठी. मग तिच्या ध्यानात आलं की पुढे काही यायचं नाहीये. हे पुरं होतं. तिनं विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटून खाली गेलं. इतके दिवस ते तिथं होतं हेही तिला माहीत नव्हतं. ती रडेल असं तिला वाटलं, पण रडू आलं नाही. "बरं," ती म्हणाली.

दिलावर तिच्याकडे बघत राहिले, आणखी काही म्हणेल म्हणून. ती काही म्हणाली नाही. तेव्हा त्यांनी श्वास घेतला आणि ते बोलायला लागले. भलते शब्द होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. स्टेपनी होती, गूळ होता, कुणा रखमाजीचं नाव होतं. पण शेवटी आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. रोज अशा वेळी ती चेहरा शांत ठेवून नुसती थांबायची. आज तिनं मान हलवली.

"मला नाही कळलं," ती म्हणाली.

त्यांच्या भुवया वर गेल्या. क्षणभर त्यांना राग आला असावा. मग ते तोंडाच्या एका बाजूनं हसले, पाय खाली सोडले, डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला खुर्चीवरून उठवलं. कुठं न्यायचं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या चालीनं चालू लागली.